पाण्याला वास नाही

मास्तरांचं नाक गेलं, ही गोष्ट त्यांच्या बायकोला दुधामुळे कळली.

दूध गॅसवर होतं. ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती आणि मास्तर गॅसपासून दोन हातांवर, टेबलाशी पेपर उघडून बसले होते. पातेल्यावर झाकण होतं, त्यामुळे धूर आतच घुटमळत होता. पण करपल्याचा वास मात्र अंगण ओलांडून शेजाऱ्यांच्या खिडकीपर्यंत पोचला होता. ती हातातला ओला टॉवेल तसाच टाकून धावत आत आली. मास्तरांनी पेपराच्या कडेवरून पाहिलं आणि विचारलं, "तापलं का गं दूध? चहा टाक मग."

ती जागच्या जागी उभी राहिली. दुसरा कुणी नवरा असता तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता. पण हे मास्तर होते. साबणाच्या कारखान्यात सगळी हयात वासमास्तर म्हणून काढलेला माणूस. त्यांनी हुंगून 'पास' म्हटल्याशिवाय तिथली एक वडी कागदात गुंडाळली जात नसे, आणि मालकसुद्धा त्यांच्यासमोर अत्तर लावून यायला बिचकत असे. कारखान्यातून घरी येताना माणसं हत्यारं तिथेच ठेवून येतात. मास्तरांचं हत्यार चेहऱ्यावरच असल्यामुळे ते रोज घरी येई.

आणि घरी आलं की कामाला लागे. "हा टॉवेल परवाचा आहे." "आज तुझी बहीण येऊन गेली ना? तिच्या केसांच्या तेलाचा वास आहे खुर्चीला." "भांडी नीट विसळली नाहीस." बाजारातून येताना मैत्रिणीकडे टेकलेलंही त्यांना उंबऱ्यावरच कळायचं. घरात वासाचं फूल नाही, कारण त्याने नाक बिघडतं. मांजर नाही. कच्चा कांदा नाही. लग्न झाल्यापासून तिने कच्चा कांदा खाल्ला तो फक्त माहेरी, आणि माहेर होतं तोवरच.

तिने गॅस बंद केला. पातेलं उचलून मागे नेलं. "दूध नासलं," एवढंच म्हणाली.

"हं," मास्तर म्हणाले आणि पान उलटलं.

खात्री करून घेतल्याशिवाय हिशेब मांडायचा नाही, अशी बाई होती ती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मोठा कांदा फोडला, त्यांच्या समोर बसून, त्यांच्याशी बोलत बोलत, एकेक पाकळी करत संपवला. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटपणाचं की कशाचं, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"रडतेस कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. बहिणीची आठवण आली."

"फोन कर तिला," मास्तर मायेने म्हणाले. त्यांनी असं काही म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

थंडीत त्यांना ताप येऊन गेला होता, तेव्हाच नाक गेलं असणार. मास्तरांना ते माहीत होतं का? न असून कसं चालेल! एकदा ती भाजी घेऊन लवकर परतली, तर ते दाराकडे पाठ करून कपाटासमोर बसले होते. कारखान्याने निरोपाला दिलेली अर्कांच्या बाटल्यांची पेटी पुढ्यात उघडी होती. एका बाटलीचं बूच काढायचे, नाकाशी धरायचे, बूच लावायचे, दुसरी उचलायचे. शेवटच्या बाटलीपर्यंत गेले आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. ती पाऊल न वाजवता बाहेर गेली आणि दाराची कडी मुद्दाम जोरात वाजवून पुन्हा आत आली. पेटी कपाटात गेली होती.

दोघंही त्यावर एक अक्षर बोलली नाहीत. झाकली मूठ ती झाकलीच बरी. आणि खरं सांगायचं तर या मुठीवर तिचीच बोटं जास्त घट्ट होती, कारण आत तिचं सुख होतं.

आता हे एका घरातलं प्रकरण घरातच राहिलं असतं. पण मास्तरांचं नाक एकट्या घराचं नव्हतं. ते चाळीस घरांचं होतं.

त्यांची वसाहत गावाच्या टोकाला. तिथवर गटाराची लाइन आली नव्हती आणि येण्याचं लक्षणही नव्हतं. म्हणून सगळ्या घरांचं सांडपाणी उताराच्या कडेला एका मोठ्या बंदिस्त टाकीत जायचं. गाळ तिथे तळाशी बसायचा आणि वरचं पाणी पुढे बोरूच्या वाफ्यात शिरायचं. जुन्या काळी ज्याच्या लेखण्या करत तोच हा बोरू, माणसाच्या डोक्यावर हात-दीड हात वाढलेला. वाफा म्हणजे माती नव्हे, खडी. पाणी खडीच्या पोटातून, मुळांच्या जाळ्यातून हळूहळू सरकायचं. मुळांना चिकटलेले डोळ्यांना न दिसणारे जीव त्यातली घाण खायचे. आणि पलीकडच्या टोकाला शेवटच्या चेंबरमध्ये जे निघायचं ते झाडांना घालण्याजोगं असायचं. यंत्र नाही, वीज नाही, घरघर नाही. वाफा बांधणारी इंजिनिअर मुलगी उद्घाटनाला पांढरे बूट घालून खडीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून गेली होती, आणि बूट कोरडेच्या कोरडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जाताना तिने एकच गोष्ट दहादा बजावली. "टाकीतला गाळ वर्षातून दोनदा उपसायचाच. वास येवो न येवो. गाळ एकदा का खडीत गेला तर वाफा गुदमरतो, मग मला बोलावूनही उपयोग नाही."

"पोरी," मास्तर म्हणाले होते, "कॅलेंडरला नाक नसतं."

सगळे हसले. मुलगीही हसली, कारण तिला दुसऱ्या गावाला जायचं होतं.

आणि मास्तरांनी शब्द खरा करून दाखवला, हेही खरं. रोज सकाळी ते शेवटच्या चेंबरपाशी जात, काचेच्या पेल्यात पाणी घेत, वाकून हुंगत आणि म्हणत, "पास." मग वसाहतीचे अध्यक्ष फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहीत : पाणी – पास. टाकी भरत आली की इतर कुणालाही काही कळायच्या कितीतरी आधी मास्तर पेला खाली ठेवून म्हणत, "टँकर बोलवा." टँकरवाला झाकण उघडी आणि गाळ बरोबर काठाशी आलेला असे. अशी काही वर्षं गेली. इंजिनिअर मुलीने भिंतीवर चिकटवलेला सूचनांचा कागद हळूहळू कॅलेंडराच्या मागे गेला. तारखेने उपसा, हे कुणाच्या ध्यानातही उरलं नाही. नाक सांगेल तेव्हा उपसायचं, हीच रीत पडली. चाळीस घरांनी आपापली चाळीस नाकं मास्तरांकडे ठेव म्हणून ठेवली होती.

त्या थंडीनंतर मास्तर पेला भरत होते, वाकत होते, 'पास' म्हणत होते. टँकर मात्र बोलावत नव्हते.

वाफ्याच्या खालच्या अंगाला, वसाहतीच्याच पट्टीवर, एक रोपवाली होती. भाड्याची जागा, एक खोली, पुढे रोपांचे ट्रे आणि कोपऱ्यात खताचा ढीग. चेंबरमधून निघणारं पाणी तिला फुकट. त्याच्या बदल्यात वर्षातून एकदा बोरू कापायचा आणि वाफ्यातलं तण काढायचं. नवरा नव्हता, जीभ होती. गिऱ्हाइकाने रोप उलटंपालटं करून पाहिलं तर म्हणायची, "घ्या की, घ्या, मुलगी दाखवायला नाही आणलेली."

मास्तरांच्या बायकोचं आणि तिचं सूत जमलं ते नाक गेल्यावर. आधी तिकडे जायची सोयच नव्हती. चपलेला खत लागलं की घरी उलटतपासणी ठरलेली. आता ती रोज दुपारी तिथे जाऊन उलट्या बादलीवर बसू लागली. पुदिन्याची पानं चुरडून हाताला लावायची आणि तोच हात घेऊन घरी जायची. रोपवालीने तिला मोगऱ्याची एक कुंडी दिली.

"घरी चालेल का पण? मास्तर ओरडतील."

"नाही ओरडणार."

"अगबाई! म्हातारपणी सुधारले का?"

"तसंच समज."

रोपवालीने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि मग कुंडीला पाणी घातलं. मोगरा निजायच्या खोलीच्या खिडकीत गेला. फुलला. मास्तर त्याच्या शेजारी उशी टेकून झोपत होते.

पहिल्यांदा पिवळा पडला तो टाकीकडच्या बाजूचा बोरू. मग खडी वरून ओली दिसायला लागली, जिथे पाणी कधी दिसायचंच नाही तिथे डबकी चमकू लागली, डास झाले. आणि वास आला. सडक्या अंड्याचा, गोडसर, घशात बसणारा. संध्याकाळी वारा पडला की तो उतारावरून वर चढून घराघरांत शिरायचा.

माणसं मोठी मजेशीर. खिडकीत येऊन नाक मुरडायची, मग फाटकापाशी जाऊन फळा वाचायची. फळ्यावर 'पास' आहे म्हटल्यावर खिडकी लावून घ्यायची. अध्यक्ष एकदा स्वतः वाफ्यावरून चालले. कॅनव्हासचे बूट काळे झाले. त्यांनी ते गवताला पुसले आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, "दव फार पडतंय हल्ली."

भर दुपार होती.

रोपवालीचं मात्र दवावर भागण्यासारखं नव्हतं. तिची रोपं मुळाशी काळी पडून माना टाकत होती. तिने एका सकाळी मास्तरांना चेंबरपाशीच गाठलं.

"मास्तर, जरा नीट बघा ना पाणी. माझे ट्रेच्या ट्रे गेलेत."

मास्तरांनी पेला पुन्हा भरला, प्रकाशात धरला, वाकले. पुष्कळ वेळ वाकून राहिले. मग सरळ होत म्हणाले, "पाण्याला वास नाही."

"अहो, मला उभं राहवत नाहीये इथे!"

"मग तुमच्या खताच्या ढिगाला विचारा. खत कुजवता तुम्ही, आणि नाव पाण्याचं?"

आजूबाजूला चार-सहा माणसं होती. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की जणू हरवलेली किल्ली सापडली. खत! हे आधी कसं सुचलं नाही? वासाला आता पत्ता मिळाला, आणि तोही भाडेकरूचा.

रोपवालीने दोन दिवसांत खताचा ढीग हातगाडीने उचलून गावाबाहेर टाकला. वास तसाच. मग लोक म्हणाले, जमिनीत मुरलाय. मग सभा बोलावली.

सभा ऑफिसच्या खोलीत झाली. विषय एकच : खालची पट्टी रिकामी करून घ्यायची की नाही. रोपवाली दाराशी उभी होती. बसायला कुणी सांगितलं नव्हतं. मास्तर पहिल्या खुर्चीवर, त्यांची बायको मागच्या ओळीत भिंतीला टेकून.

"मी एवढंच म्हणते," रोपवाली म्हणाली, "टाकी उघडून बघा. एकदाच. भरलेली नसली तर मी उद्या जाते, तुम्ही सांगायची वाट बघणार नाही."

"टाकी भरली असती तर मास्तर बोलले नसते का?" अध्यक्ष म्हणाले. "इतकी वर्षं एकदा तरी चुकलेत?"

"नाही चुकले. पण माणूस आहे."

"म्हणजे तुम्हाला म्हणायचंय काय?" मास्तरांचा आवाज चढला. "कारखाना चालला या नाकावर!"

रोपवालीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने खोलीभर पाहिलं, आणि तिची नजर मागच्या ओळीत येऊन थांबली. "काकू, तुम्ही रोज असता माझ्याकडे. माझ्या शेजारी बसता. तुम्हीच सांगा. खताचा वास वेगळा आणि हा वेगळा, हे तुम्हाला कळतं की नाही? पाण्याला वास येतोय की नाही?"

सगळ्या माना वळल्या. मास्तरांचीही वळली. आणि त्या चेहऱ्यावर तिला असं काही दिसलं, जे तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. मास्तर तिच्याकडे काहीतरी मागत होते.

एका क्षणात बाईच्या मनात किती गोष्टींची बेरीज होते, ते कुणी मोजलेलं नाही. खरं बोललं तर मास्तरांचा पेला जाणार. सकाळचं ते वाकणं, ते 'पास', तो फळा, सगळं जाणार, आणि हा माणूस दिवसभर घरात बसणार. नाक नसलेला, काम नसलेला, चिडलेला. मग त्याला तिची चप्पल दिसेल, खिडकीतली कुंडी खुपेल, कांद्याची सालं दिसतील; नाक गेलं तरी डोळे आहेतच. आणि उतारवयात चाळीस घरांसमोर त्याचं नाक कापायचं ते बायकोने? शिवाय, हे तिने स्वतःशीही धड कबूल केलं नाही, कुणीतरी आपल्याकडे असं मागावं याची चव तिला पहिल्यांदा कळत होती. मैत्रीण ताटकळत दाराशी उभी होती.

"मला सर्दी झालीये," ती म्हणाली.

आणि खात्रीसाठी तिने नाक ओढलं. कोरडं नाक ओढायला फार जोर लागतो.

"बरं," रोपवाली म्हणाली. "औषध घ्या."

हात वर झाले, ठराव झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर सभेचा चहा चोराच्याच घरून आला होता.

महिना संपायच्या आत रोपवालीने गाडी बोलावली. जिवंत राहिलेले ट्रे फार नव्हते, एका खेपेत मावले. मास्तरांची बायको कडेला उभी होती. मदत करावी म्हणून एक ट्रे उचलला, तर रोपवालीने तो तिच्या हातातून काढून घेतला. रागाने नव्हे, जसं पाहुण्यांच्या हातातून ताट काढून घेतात तसं.

"बाई, मी—"

"राहू द्या काकू. एक सांगते. मास्तरांना वास येत नाही, हे मला कधीचं माहीत होतं. तुम्ही खताच्या पायांनी घरी जायचात आणि कोणी ओरडत नव्हतं, त्याच आठवड्यात कळलं. मला काय नाक नाही?"

"मग सभेत का नाही बोललीस?"

"तुम्ही तिथे होतात म्हणून. बाहेरची बोलली असती तर मास्तरांचा तमाशा झाला असता. घरचं माणूस बोललं तर जरा झाकून-पाकून बोलेल, असं मला वाटलं." तिने दोरीला गाठ मारली, ताणून पाहिली. "ती मोगऱ्याची कुंडी राहू द्या तुमच्याकडे. फक्त तिला हे पाणी घालू नका. नळाचं घाला."

गाडी गेली.

वसाहतीने पट्टीवरची माती वरवर खरवडून काढली, लाल माती आणून टाकली. वास गेला नाही. उलट आता तो लपायला जागा नसल्यासारखा उघडा झाला. बोरूचा अर्धा वाफा वाळून आडवा पडला. शेवटच्या चेंबरमधलं पाणी राखेच्या रंगाचं निघू लागलं. अखेर एका सुट्टीच्या सकाळी अध्यक्ष आणि बरीच माणसं चेंबरपाशी जमली. कुणीतरी म्हणालं, "खत गेलं, खतवाली गेली. मग आता वास मारतंय कोण?"

मास्तर पेला घेऊन आले. बायको मागोमाग आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

मास्तर वाकले. हुंगलं. सरळ झाले. "पास."

 डबक्यांवरच्या डासांची गुणगुण तेवढी ऐकू येत होती.

"वास येतोय," ती म्हणाली.

आवाज एवढा साधा होता की कोण बोललं ते कळायला लोकांना एक क्षण लागला. "पाण्याला वास येतोय. सडका. टाकी भरून गाळ खडीत गेलाय. रोपवाली खरं सांगत होती."

मास्तरांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. आणि मग, जन्मभराची सवय ती, तोंड आपोआप चाललं : "हिला वासातलं काय कळतंय! हिने जन्मात एक साबण ओळखला नाही. दूध करपलेलं हिला कळत नाही!"

लोक हसले. हसायला मिळालं म्हणून सुटल्यासारखे हसले.

तिने मास्तरांकडे पाहिलं. करपलेलं दूध. म्हणजे त्यांनाही कळलं होतं तर, नंतर कधीतरी, पातेल्याचं काळं बूड पाहून.

"पण काकू," अध्यक्षांची बायको म्हणाली, "तेव्हा तर तुम्हाला सर्दी होती."

"नव्हती. मी खोटं बोलले."

"तेव्हा खोटं बोललात, तर आता खरं कशावरून?"

 तिच्याजवळ एकच खरं होतं, आणि ते खर्च करायची वेळ निघून गेल्यावर तिने बाहेर काढलं होतं. समोरच्या प्रत्येकाला नाक होतं. प्रत्येकाला वास येत होता. दोघा-तिघांनी तर रुमाल धरले होते. पण पाणी नापास म्हटलं तर सभा नापास होत होती. हात वर केलेल्या सगळ्यांना मग त्या हातांचं काय करायचं ते ठरवावं लागलं असतं. त्यापेक्षा खिडक्या लावून घेणं सोपं होतं.

"मातीत खोल मुरलंय ते खत," अध्यक्ष म्हणाले. "निघायला वेळ लागणारच. मास्तर आहेत ना? मग झालं."

ते फाटकाकडे गेले. फळ्यावर खडू वाजला.

घरी आल्यावर मास्तर सरळ आतल्या खोलीत गेले. ती स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरत बसली, लपवायचं काही उरलं नव्हतं. ते आले, समोरच्या खुर्चीवर बसले, तिच्या हाताकडे बघत राहिले.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"वास. सांग कसा आहे."

या माणसाने आयुष्यभर तिला वास शिकवले नव्हते, फक्त वासांवरून पकडलं होतं. आता तो तिला वासाचं वर्णन विचारत होता. तिने सुरी थांबवली. "सडक्या अंड्यासारखा. पण वर गोडसर. आणि मागे काहीतरी लोखंडासारखं."

मास्तरांनी डोळे मिटले. जणू बाटलीचं बूच काढून नाकाशी धरलं होतं. "किती दिवस?"

"बोरू पिवळा पडला त्याच्या मागोमाग आला."

"मग संपलं. खडी चोंदली. आता टाकी उपसून भागणार नाही. सगळा वाफा खणून, खडी धुऊन पुन्हा भरायला हवी." आवाजात जुनी धार आली होती. नाक नव्हतं, पण नाकाची अक्कल शाबूत होती. क्षणभर तिला त्यांचा अभिमान वाटला, आणि त्याचीच चीड आली.

"मग सांगा त्यांना."

"तू सांगितलंस की. ऐकलं का कुणी?"

"तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

"आणि त्या बाईचं काय सांगू? चुकून घालवलं म्हणून?" ते खुर्चीवरून उठले. दारात थांबले, पाठ करूनच म्हणाले, "उद्यापासून तू येत जा सकाळी माझ्याबरोबर. माझ्या मागे उभी राहा. वास असला की खोक. मग मी बघतो."

"काय बघता?"

"बघतो म्हटलं ना."

निजायच्या खोलीत जाताना ते म्हणाले, "आणि ती कुंडी काढ खिडकीतून. वासाची फुलं घरात नकोत. तुझं नाक बिघडायला नको."

तिच्या हातातली सुरी तशीच राहिली. इतके महिने जे नाक मेलं म्हणून ती जगत होती, ते आता मास्तरांनी तिच्याच चेहऱ्यावर बसवलं होतं. त्याची सगळी पथ्यं आता तिला पाळायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. कुंडी आदल्या दिवशीच मागच्या अंगणात नेली होती; नळाखाली. मास्तरांनी चेंबरमध्ये पेला बुडवला, प्रकाशात धरला, वाकले. ती त्यांच्या खांद्यामागे उभी होती.

ती खोकली.

मास्तर वाकलेलेच होते. ती पुन्हा खोकली, मोठ्याने. मग तिला खरोखरच ठसका लागला, घशात बसलेला तो वास बाहेर येईना की आत जाईना, आणि ती गुडघ्यांवर हात टेकून खोकत राहिली.

मास्तर सरळ झाले. पेल्यातलं पाणी त्यांनी हळूच वाळलेल्या बोरूवर ओतलं.

"पास," ते म्हणाले.

अध्यक्षांनी खिशातून खडू काढला आणि फाटकाकडे वळता वळता तिच्याकडे पाहून आपुलकीने विचारलं, "काय हो काकू, सर्दी गेली नाही वाटतं अजून?"